सरत्या सीझनमधला टार्पन : वाचकांची पत्रं, ताईची उत्तरं

मागच्या अंकात फ्लोरिडातल्या टार्पनबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की टार्पन हा मोठाल्या चंदेरी खवल्यांचा, माणसाएवढा लांब होणारा समुद्री मासा, तिकडे त्याला सिल्व्हर किंग म्हणतात. आणि फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, धागा बांधून केलेलं नकली आमिष. त्याला स्वतःचं वजन जवळपास नसतंच, म्हणून जाड फ्लाय लाइनच्या वजनाने ते लांब फेकायचं असतं. आता पत्रांकडे वळते.

ताई, आम्ही मे महिन्यात टॅम्पाला शिफ्ट झालो. सामान लावण्यात आणि मुलांच्या शाळेच्या भानगडीत जून कधी गेला कळलंच नाही. आता निम्मा जुलै झालाय आणि ज्याला विचारावं तो म्हणतो टार्पन गेले, आता पुढच्या एप्रिलला या. खरंच काही उरलं नाहीये का? फ्लाय रॉड हातात धरता येतो, गोड्या पाण्यात बास पकडलेत.
— एक वाचक, टॅम्पा

उरलंय, भरपूर उरलंय. "सीझन" म्हणून लोक जे म्हणतात ते एप्रिल ते जून, तेव्हा मोठे मासे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांत, म्हणजे कीजमध्ये, बोका ग्रँड पासमध्ये, होमोसासाच्या उथळ पाण्यात रांगा लावून येतात, आणि त्यांच्यामागे बोटीही तशाच रांगा लावतात. हे मासे तिथे जमतात ते अंडी घालायच्या तयारीने. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला ते किनारा सोडून खोल समुद्रात जातात, अंडी घालतात आणि परत येतात, एक मोठी मादी तर कोटीच्या घरात अंडी घालते असा अंदाज आहे. म्हणजे जुलैत तुमच्यासमोर जो मासा येतो तो एवढा प्रवास करून, अंगातली ताकद खर्च करून आलेला असतो, आणि त्याला भूक लागलेली असते. मे महिन्यात शंभर फ्लाय नाकासमोरून जाऊनही ढुंकून न बघणारा मासा जुलैत कधीकधी सरळ वळून घेतो, ते यामुळेच, आणि दुसरं म्हणजे आता त्याच्या डोक्यावरून रोज चाळीस बोटी जात नाहीत.

आता तोटाही सांगते, मासे कमी असतात. काही पॅनहँडलकडून, म्हणजे फ्लोरिडाच्या वायव्येच्या लांब पट्ट्याकडून, पुढे लुइझियानाकडे सरकतात, अटलांटिकच्या बाजूचे जॉर्जिया, कॅरोलायना करत पार चेसापीक बेपर्यंत जातात. पूर्वी दिवसाला वीस रांगा दिसायच्या तिथे आता सकाळभरात दोन दिसतील, कधी एकही नाही. म्हणून या दिवसांत जायचं तर शांत पाण्याच्या पहाटे जा. टार्पन पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळतो, त्याची पोटातली हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते, आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मग तो जास्त वेळा वर येतो. वारा नसलेल्या पहाटे काचेसारख्या पाण्यावर चंदेरी पाठ अशी हळूच गोल फिरून आत जाते, त्याला रोल म्हणतात, आणि ते बघितलं की मासे कुठे आहेत आणि कुठल्या दिशेने चाललेत दोन्ही कळतं. नऊ-दहाला वारा सुटला की ही खूण गेली.

शिवाय सगळे टार्पन प्रवासाला जात नाहीत. एव्हरग्लेड्स, टेन थाउजंड आयलंड्स इथल्या खारफुटीत पाच पौंडांपासून तीस-चाळीस पौंडांपर्यंतचे लहान टार्पन उन्हाळाभर असतात. बासवरून येणाऱ्या माणसाने सुरुवात तिथून करावी असं मला मनापासून वाटतं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अटलांटिकच्या किनाऱ्याने बोय (मलेट) या छोट्या माशांचे थवे दक्षिणेकडे निघतात, तेव्हा टार्पन पुन्हा किनाऱ्याला लागतो, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. थंडीची पहिली लाट येऊन पाणी ७५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २४ सेल्सिअसच्या खाली जाईपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. फक्त वादळांचे दिवस आहेत, १ जून ते ३० नोव्हेंबर, तेव्हा बुकिंग करताना रद्द करायची सोय आधी विचारून घ्या.

सहा मासे लागले, सहाही सुटले! दोन तर तोंडात फ्लाय गेली आणि लगेच सुटली, तीन पहिल्या उडीत गेले, एकाला दोरी तुटली, गळाजवळचा तुकडा म्हणजे बाइट टिपेट ४० पौंडाचं होतं. गाइड काही बोलला नाही पण चेहरा बघवत नव्हता. मी ट्राउट पकडायला कोलोराडोत शिकलोय. काय चुकतंय?
— जुपिटरहून एक वाचक

तुम्ही कोलोराडो लिहिलंत आणि मला निम्मं उत्तर मिळालं. ट्राउटने फ्लाय घेतली की आपण रॉडचं टोक वर उचलतो, हाताला तीच सवय लागते, आणि टार्पनसमोर नेमकं तेच करायचं नसतं. त्याचं तोंड आतून हाडासारखं टणक आहे, रॉड उचलला की रॉड नुसता वाकतो, सगळा जोर त्या वाकण्यात जातो आणि गळाचं टोक हाडावरून घसरून बाहेर येतं. इथे रॉड खाली, टोक पाण्याकडे, माशाच्या रेषेत सरळ, आणि डाव्या हाताने दोरी लांब मागे खेचायची, ओढ थेट माशाच्या जबड्यात जाणवली पाहिजे. याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. मी हे घरी शिकले, दोरीचं एक टोक दाराच्या कडीला बांधून, रोज पन्नास वेळा, हाताला वळण लागेपर्यंत. तुम्हीही करा, बोटीवर शिकायला वेळ नसतो.

अजून एक. तो फ्लाय घेतो ते दिसतं, ते भलंमोठं तोंड उघडतं, पांढरं दिसतं, आणि आपण घाबरून तेव्हाच खेचतो. थांबा. तोंड बंद होऊन तो वळू दे, दोरी ताणल्यासारखी वाटू दे, मग खेचा. वळताना गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, तिथे बसला की सहसा निघत नाही. गळ दुकानातून आणल्यावर कानशीने घासायचा, नखावर टेकवला तर घसरता कामा नये इतका.

पहिल्या उडीत जे तीन गेले त्यांच्यासाठी तिकडे एक वाक्य आहे, राजासमोर वाका. मी त्याला आपल्या भाषेत मुजरा म्हणते आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांना तसंच सांगते, मासा वर आला की मुजरा! म्हणजे तो पाण्यातून उसळला की तुम्ही कंबरेतून पुढे वाकून रॉड त्याच्याकडे पूर्ण पुढे करायचा, दोरीला ढील द्यायची. शंभर पौंडांचा मासा हवेत डोकं झाडतो तेव्हा दोरी ताणलेली असली तर दोरी तुटते नाहीतर गळ निसटतो, त्याला पाण्याचा आधार नसतो ना, सगळं वजन थेट दोरीवर येतं. तो पाण्यात पडला की परत ताण द्यायचा.

तुटलेल्या दोरीचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय की बाइट टिपेट ४० पौंडाचं होतं. टार्पनला मोठे दात नसतात पण जबडा खरखरीत कानशीसारखा असतो, अर्धा तास घासून घासून बारीक दोरी झिजते. शेवटचा फूटभर तुकडा ६० ते ८० पौंडाचा फ्लोरोकार्बन लावा, गढूळ पाण्यात ८०, स्वच्छ पाण्यात ६०.

कुठला रॉड घेऊ? एकच घेणार आहे. बजेट बेताचं आहे.
— ओरलँडो

मोठ्या माशांसाठी ११ वेट (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो त्याचा आकडा). १२ ने दिवसभर फेकून खांदा जातो, १० कमी पडतो असं नाही पण सरत्या सीझनमध्ये लढत लवकर संपवायची असते म्हणून मी ११ च्या खाली जात नाही. पैसे कमी असतील तर रॉडवर वाचवा, रीलवर नाही. चांगला, पाणी आत न जाणारा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक, आणि निदान २०० ते २५० यार्ड बॅकिंग, म्हणजे फ्लाय लाइनच्या मागची राखीव दोरी, बसेल एवढी रील हवी, कारण खाऱ्या पाण्यात स्वस्त ड्रॅग एका पावसाळ्यात गंजतो आणि नेमका मासा पळत असताना अडकतो. तरंगणारी लाइन एक, आणि जमलं तर पुढचा भाग हळूहळू बुडणारी पारदर्शक लाइन दुसरी. गरम पाण्याच्या लाइनवर "ट्रॉपिकल" लिहिलेलं असतं ते बघून घ्या, थंड पाण्यासाठी केलेली लाइन फ्लोरिडाच्या उन्हात शिजलेल्या शेवईसारखी मऊ पडते आणि फेकताच येत नाही. तांबूस रंगाचा पोलराइज्ड चष्मा मात्र पहिल्या दिवशीच घ्या, मासा दिसलाच नाही तर बाकी सगळं सामान बोटीत पडून राहील.

ऑगस्टमध्ये कीजला गेलो होतो. १२० पौंडांचा असावा, गाइडचा अंदाज. एक तास पन्नास मिनिटं झुंज दिली, आयुष्यातला सगळ्यात भारी अनुभव होता. पण सोडल्यावर तो कडेवर पडला आणि तसाच हळूहळू खाली गेला. गाइड म्हणाला ठीक आहे, जगेल. मला तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. जगला असेल का?
— एक वाचक, नेपल्स

तुमच्या पत्रासाठी मी हे सगळं सदर लिहिलं असं म्हटलं तरी चालेल. दादा, जगला असेल का ते मी सांगू शकत नाही, पण तुमची झोप का उडालीय ते मला पक्कं माहितीये. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्येच, मी एका मादीशी जवळपास दोन तास झुंजले होते. ती बोटीजवळ आली तेव्हा डोळा फिरत नव्हता. आम्ही तिला धरून बोट हळूहळू पुढे नेत राहिलो, कल्ल्यातून पाणी जाऊ दिलं, वीस मिनिटांनी तिने शेपूट हलवली आणि गेली, आणि बोटीपासून शंभर फुटांवर बुल शार्कने तिला धरलं. पाण्याचा रंग बदलला तो मी अजून विसरलेले नाही. टार्पनची मादी पन्नास वर्षांवरही जगते. मी तेव्हा जेमतेम पस्तिशीची होते, ती माझ्याहून मोठी असेल कदाचित.

तेव्हापासून मी जुलैनंतर घड्याळ लावून मासा खेळवते. तीस मिनिटं. तीस मिनिटांत बोटीशी आला नाही तर मी दोरी हाताने धरून मुद्दाम तोडते. ऑगस्टमध्ये फ्लोरिडा बेच्या उथळ पाण्याचं तापमान ९० फॅरनहाइटपर्यंत जातं, अशा पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यात मासा जीव तोडून पळालेला, स्नायूंमध्ये आम्ल साचलेलं, मे महिन्यात जो मासा पाऊण तासाच्या लढतीतून सावरेल तो ऑगस्टमध्ये सावरेलच असं धरून चालता येत नाही. आणि दमलेला मासा हॅमरहेड किंवा बुल शार्कला लांबून कळतो.

लवकर कसा आणायचा हे शिकता येतं, त्याला अंगातली ताकद कमी लागते आणि समज जास्त. बहुतेक लोक रॉड उभा आभाळाकडे धरतात, फोटोत छान दिसतं, पण तसं धरल्यावर माशावर ताण किती येतो ते एकदा तराजूचा काटा दोरीला बांधून बघा, फार थोडा येतो. रॉड आडवा आणि खाली, पाण्याला लागेल इतका खाली, आणि मासा डावीकडे चालला तर उजवीकडे ओढायचं, उजवीकडे वळला की डावीकडे, सतत त्याचं डोकं फिरवत राहायचं, त्याला एका दिशेने सरळ पोहू द्यायचंच नाही. स्टू आप्टे नावाचे कीजमधले मोठे फ्लाय फिशर या पद्धतीला "डाउन अँड डर्टी" म्हणायचे. वाकवायचा तो रॉडचा बुडखा, टोक नाही. मासा हवा घ्यायला वर येऊ लागला की त्याचं डोकं खाली बाजूला ओढा, एक घोट हवा मिळाली की त्याला नवा दम येतो आणि तुमची दहा मिनिटं वाढतात. आणि तुम्ही थांबलात की तोही विश्रांती घेतो, तुमच्यापेक्षा तो लवकर ताजा होतो, म्हणून पाणी पिणं, फोटो, बायकोला फोन, सगळं नंतर.

दुसरं, विक्रमाच्या नियमांतलं सामान या दिवसांत वापरू नका. विक्रमासाठी लीडरमध्ये, म्हणजे फ्लाय लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोरीत, २० पौंडांपर्यंतचाच कमजोर तुकडा चालतो आणि बाइट टिपेट गाठींसकट १२ इंचांच्या वर चालत नाही. २००१ मध्ये होमोसासाजवळ जिम हॉलंड ज्युनियर यांनी याच नियमांत २०२ पौंड ८ औंसांचा टार्पन फ्लायवर आणला, दोनशेच्या पुढचा तो पहिलाच, आणि मला त्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण आपण विक्रमाला निघालेलो नाही ना? मग २५-३० पौंडाचा तुकडा लावा, फक्त तो फ्लाय लाइनच्या आतल्या दोऱ्यापेक्षा आणि बॅकिंगपेक्षा कमजोर हवा, नाहीतर तुटताना सगळी लाइन माशाबरोबर जाईल. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. शार्क दिसला की ड्रॅग सैल सोडा म्हणजे मासा पळू शकेल, नाहीतर तिथेच तोडा. तीस फुटांवर आलेला आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा तोडावा लागेल, हो, तोडायचा.

तुम्ही पुन्हा जा. ज्याची झोप उडते त्याने जायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या घरी प्रश्न विचारला गेला आणि मला उत्तर देता आलं नाही. खायचा नाही, घरी आणायचा नाही, मग पकडायचाच कशाला? मुक्या जनावराला त्रास.
— जॅक्सनविल

प्रश्न अगदी रास्त आहे, घरच्यांना माझा नमस्कार सांगा. टार्पन अमेरिकेत सहसा खाल्ला जात नाही कारण तो काट्यांनी भरलेला असतो, आणि फ्लोरिडात २०१३ पासून तो फक्त पकडून सोडायचा मासा आहे. जवळ ठेवायचा तर ५० डॉलरचा टॅग लागतो, माणशी वर्षाला एकच, तोही फक्त विक्रमाच्या प्रयत्नासाठी. ४० इंचांहून मोठा मासा पाण्याबाहेर उचलायलाही बंदी आहे. काही जण दोघं-तिघं मिळून बोटीच्या काठावर ओढून फोटो काढतात, ते बेकायदा तर आहेच पण त्याने माशाच्या आतल्या अवयवांना इजा होते, एवढं वजन हवेत तोलायला त्याचं शरीर बनलेलंच नाही.

त्रास होतो का? होतो, मी नाही म्हणणार नाही. मी जाते कारण तो मासा बघायला, समजायला मला दुसरा रस्ता सापडला नाही. एका माशासाठी मी भरतीची वेळ शिकले, वारा शिकले, खारफुटीचं झाड शिकले, आणि खारफुटी तोडून कुठे बांधकाम होणार असेल तर तिथल्या सुनावणीला जाऊन बोलणाऱ्या लोकांत निम्मे असेच मासे पकडून सोडणारे असतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. टेक्सासच्या पोर्ट अरान्ससमध्ये टार्पन इन नावाचं जुनं हॉटेल आहे, त्याच्या भिंतीवर लोकांनी पकडलेल्या टार्पनचे खवले लावलेत, सह्या करून, १९३७ ची राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची सहीसुद्धा आहे. त्या गावाचं नावच एकेकाळी टार्पन होतं. पुढे तिथला टार्पन इतका कमी झाला की खवले भिंतीवर राहिले आणि खाडी रिकामी. एवढं सांगूनही घरच्यांना पटलं नाही तर त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

ताई, सप्टेंबरमध्ये बोयांचे थवे किनाऱ्याला लागतात तेव्हा टार्पन त्यांच्यात उड्या मारताना दिसतात पण माझ्या फ्लायकडे बघत नाहीत. पाणी पावसाने चहासारखं झालेलं असतं. कुठला रंग लावू?
— सेबॅस्टियन इनलेटजवळून

रंगाचं आधी सांगून टाकते, चहासारख्या पाण्यात काळा आणि जांभळा. आपल्याला वाटतं गढूळ पाण्यात चमकदार हवं, पण मासा खालून वर बघतो, त्याला आभाळाच्या उजेडासमोर आकार दिसतो, आणि सगळ्यात ठळक आकार गडद रंगाचा. समुद्राकडचं पाणी हिरवं-स्वच्छ असेल तर पांढरा-करडा, बोयाच्या रंगाचा.

पण तुमची अडचण रंगाची नाहीये. तिथे हजारो खरे बोय आहेत आणि तुमची फ्लाय त्यातली एक, तीच का घ्यावी त्याने? म्हणून थव्याच्या मध्ये टाकू नका, कडेला टाका, मागच्या बाजूला, जिथे मागे पडलेले, जखमी, वाट चुकलेले असतात. टार्पन थव्यात घुसतो, दाणादाण करतो आणि मग मागे वळून अर्धमेले उचलतो. फ्लाय पाच-सहा इंचांची मोठी, पाणी ढकलणारी, आणि खेचणं हळू, एक लांब खेच, मग थांबा, बुडू दे जरा, मग परत. आणि फ्लाय नेहमी माशापासून लांब पळाली पाहिजे, त्याच्याकडे येता कामा नये. छोटा मासा मोठ्या माशावर चालून येतोय हे टार्पनने जन्मात बघितलेलं नसतं, तो दचकून निघून जातो. मोकळ्या पाण्यात रांग येताना दिसली तर पहिल्या माशाच्या चार-सहा फूट पुढे टाका आणि त्याच्या चालण्याच्या दिशेनेच खेचा.

जागा म्हणाल तर इनलेटचं, म्हणजे समुद्र आणि आतलं लगून जोडणाऱ्या वाटेचं तोंड, ओहोटी लागताना. आतलं गढूळ पाणी आणि बाहेरचं स्वच्छ पाणी जिथे भेटतं तिथे रेघ दिसते, बोय त्या रेघेच्या आत चिकटून राहतात आणि टार्पन बाहेरून येतो. ईशान्येचा वारा तीन दिवस लागून वाहिला तर किनाऱ्यावर जाऊ नका, लाटांनी पाणी ढवळलेलं असतं, त्या दिवशी मागच्या लगूनमध्ये जा. बोय कुठल्या आठवड्यात येतील हे कॅलेंडर बघून कळत नाही. पहिली उत्तरेकडची थंड हवा आली, दिवस लहान झाला, की निघतात.

दुपारी ढग येतात तेव्हाच मासे खातात असं वाटतं. थांबावं का?
— फोर्ट मायर्स

नाही. मासे खातात हे खरंय, आणि तरी नाही. तुमच्या हातात नऊ फुटांची ग्रॅफाइटची काठी आहे, तिच्यातून वीज जाते, आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच. गडगडाट ऐकू आला म्हणजे उशीर झालेला आहे. फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी हे होतं, म्हणून पहाटे निघा आणि एकच्या आत किनाऱ्याला या.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मागच्या अंकातलं वाचून तीच मागे लागलीय. तिला मोठा मासा झेपणार नाही, पण नाही म्हणवत नाही.
— केप कोरल

नाही म्हणूच नका. तिला लहान टार्पन दाखवा. तुमच्याच गावातल्या कालव्यांमध्ये, खारफुटीच्या मागच्या डबक्यांमध्ये दहा इंचांपासून दोन फुटांपर्यंतची पिल्लं असतात. तिला हेही सांगा की ही पिल्लं खोल समुद्रात जन्मली, आधी काचेसारख्या पारदर्शक फितीसारखी होती, प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला आली आणि मुद्दाम अशा कुजक्या, वास येणाऱ्या पाण्यात शिरली जिथे दुसरे फारसे मासे जगू शकत नाहीत. यांना वरची हवा गिळता येते म्हणून ती जगतात आणि त्यांना खाणारे मोठे मासे तिथे पोचत नाहीत. माझी भाची हे ऐकून अर्धा तास नुसती पाण्याकडे बघत बसली होती, रॉड बाजूलाच.

६ किंवा ७ वेटचा हलका रॉड, दोन-अडीच इंचांची छोटी फ्लाय, काटा दाबलेला गळ, ३० पौंडाचं बाइट टिपेट. सोळा वर्षांखालच्यांना फ्लोरिडात लायसन्स लागत नाही. तुम्ही स्वतः रॉड धरणार असाल तर तुम्हाला लागेल, लायसन्सवाल्या गाइडच्या बोटीवर असाल तर वेगळं काढावं लागत नाही. फेकायला तिला आधी गवतावर शिकवा, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, तीस फूट नीट पडलं की पुरे, कालव्यात त्याहून लांब लागत नाही. दोघींनी टोपी आणि चष्मा घालायचाच, फ्लाय डोळ्याकडे कधी येईल सांगता येत नाही.

पिल्लू लागलं की तेही मोठ्यासारखंच उड्या मारतं, पाच-सहा तर सहज, तेव्हा मुजरा तिला आधीच शिकवून ठेवा. हात ओले करून धरायला सांगा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. ४० इंचांच्या आतलं असल्यामुळे एक फोटो चालतो, पण पाण्यावरच, आडवं, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन, पाच सेकंद, आणि मग तिलाच सोडू दे.